‘शमुवेल’ नांवाची व्युत्पत्ति व कोंकणांतील ‘समाजी’

बायबलांतील विशेषनामांचे अर्थ देणाऱ्या ज्या याद्या प्रचलित आहेत, त्यांत ‘शमुवेल’ या नांवापुढें ‘देवानें ऐकिलें’ असा अर्थ पुष्कळदा दिलेला असतो. तो इतका रूढ झाला आहे कीं, त्याचा आधार तपासण्याची गरज कोणास भासत नाहीं. परंतु हेंच नांव कोंकणांतील बेने इस्राएल ज्ञातींत ‘समाजी’ या रूपानें चालत आलेलें असल्यामुळें, जुनीं कागदपत्रें वाचणारांस तें अपरिचित राहून चालणार नाहीं. सबब या रूढ अर्थाचें परीक्षण येथें करीत आहों.

प्रथम वर्ण पाहूं. ‘ऐकणें’ या अर्थाचा हिब्रू धातु शीन, मेम व अयिन या तीन व्यंजनांचा आहे. ‘इश्माएल’ या नांवांत हा धातु खरोखरच आहे व तेथें अयिन स्पष्ट लिहिलेला आहे. ‘शमुवेल’ मात्र शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद असें लिहितात. त्यांत अयिन नाहीं. धातूचें एक व्यंजनच लुप्त झालें असें मानावयाचें, तर त्यास प्रमाण पाहिजे, आणि तें कोणी दिलेलें नाहीं.

दुसरा अर्थ खुद्द मूळ ग्रंथाचा. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायांत हन्ना पुत्राचें नांव ठेवितांना, आपण त्यास देवापाशीं मागून घेतलें, असें कारण सांगते. येथील धातु ‘शाअल’ म्हणजे मागणें. परंतु या धातूचें कर्मवाचक रूप ‘शाऊल’ होतें, ‘शमुवेल’ होत नाहीं. आणि शाऊल, म्हणजे मराठी बायबलांतील शौल, हें तर इस्राएलाच्या पहिल्या राजाचें नांव! त्याच अध्यायाच्या शेवटीं मुलास देवाकडे सोपवितांना हा शब्द अक्षरशः आलेला आहे. यावरून कांहीं पाश्चात्य पंडितांनीं असें अनुमान काढिलें कीं, ही जन्मकथा मूळची शौलाची असून मागाहून शमुवेलास चिकटविली गेली.

हें अनुमान आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. प्राचीन कथाकार नांवाचा अर्थ सांगतात तो ध्वनिसाम्यावरून, व्याकरणावरून नव्हे. ऐतरेय उपनिषदांत ‘इन्द्र’ शब्द ‘इदन्द्र’ यापासून लाविला आहे. म्हणून तो भाग दुसऱ्या कोणा देवतेचा होता असें कोणी म्हणत नाहीं. शिवाय शिलो येथील मंदिर, एली याजक, मातेचा नवस, यांपैकीं कशाचाही कीशपुत्र शौलाच्या चरित्राशीं संबंध नाहीं. उलट आठव्या अध्यायांत लोक राजा मागतात, तेथें हाच धातु पुन्हा योजिला आहे. मातेनें मागितला तो द्रष्टा व लोकांनीं मागितला तो राजा, असा विरोध कथाकारास दाखवावयाचा असावा. शौलाच्या नांवाची छाया शमुवेलाच्या जन्मकथेंत पडली आहे ती हेतुतः, असें आमचें मत आहे.

तिसरी व्युत्पत्ति ‘शेम’ म्हणजे नाम व ‘एल’ म्हणजे देव, यांवरून ‘एलाचें नाम’ ही. आम्ही हीच स्वीकारितों. मधला ‘ऊ’ हा प्राचीन विभक्तिप्रत्यय होय. उत्पत्तीच्या बत्तिसाव्या अध्यायांत एकाच स्थळास ‘पनिएल’ व ‘पनुएल’ अशीं दोन्ही नांवें आहेत. अर्थ ‘देवाचें मुख’. आपल्या ‘युधिष्ठिर’ शब्दांत पूर्वपदाची विभक्ति टिकते, तसाच कांहींसा हा प्रकार. बाबिलोनच्या हम्मुराबीच्या पूर्वजांत सुमुलाएल हें नांव आढळतें. त्यांतील ‘सुमु’ म्हणजे नामच. यावरून ही नामपद्धति किती जुनी आहे तें दिसेल.

या नांवाचा प्रसारही विचार करण्यासारखा आहे. इस्लामपूर्व अरबस्तानांत समौअल हा यहुदी कवि सहाव्या शतकांत वचनपालनाविषयीं प्रसिद्ध होता. ग्रानाडाचा वजीर शमुवेल हानागीद याचा काळ ९९३ ते १०५६. इंग्लंडांतील ख्रिस्ती लोकांत मात्र सोळाव्या शतकांतील धर्मसुधारणेपर्यंत हें नांव विरळच होतें. सुधारणावाद्यांनीं संतांचीं नांवें टाकून जुन्या करारांतील घेतलीं, तेव्हां तें घरोघर गेलें. सॅम्युएल पेपीस (जन्म १६३३) व सॅम्युएल जॉन्सन (जन्म १७०९) हे त्या प्रथेचेच वारस.

कोंकणांत याहून निराळें घडलें. तेथें अंत्य ‘एल’ गळून आदरार्थी ‘जी’ लागला. ज्या पदावर नांवाचा अर्थ अवलंबून, तेंच गेलें; पण नांव टिकलें. यहेज्केल याचें ‘हसाजी’ व अब्राहाम याचें ‘आबाजी’ झालें तें याच रीतीनें. मुंबईंत १७९६ मध्यें बेने इस्राएलांचें पहिलें प्रार्थनामंदिर स्थापणारे समाजी हसाजी दिवेकर हेच इंग्रजी लेखांतील सॅम्युएल इझिकेल दिवेकर. हें न जाणणारा संशोधक एका पुरुषाचे दोन करील! पुढें जॉन विल्सन यांचें मराठींतील हिब्रू व्याकरण १८३२ मध्यें निघालें, बायबलाचीं भाषांतरें व इंग्रजी शाळा आल्या, आणि मूळ रूपें पुन्हा पुढें आलीं. हाइम शमुवेल केहिमकर यांनीं १८९७ मध्यें लिहिलेला व १९३७ मध्यें छापला गेलेला ज्ञातीचा इतिहास या जुन्या-नव्या रूपांच्या अभ्यासास अवश्य पाहावा.

तथापि केवळ नांवावरून ज्ञाति ठरविणें धोक्याचें आहे. शिवकालीन आबाजी सोनदेव हे ब्राह्मण होते, आणि ‘कर’ प्रत्ययांत आडनांवें तर गांवांवरून सर्वच ज्ञातींत पडतात. म्हणून पित्याचें नांव, गांव व व्यवसाय हीं तिन्हीं जुळल्यावांचून निर्णय देऊं नये. ‘शनवार तेली’ असा उल्लेख मिळाल्यास शंका उरत नाहीं. १९४८ नंतर या ज्ञातींतील बहुसंख्य कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं, आणि समाजीचा नातू समाजी कोणास म्हणत हें सांगणारे येथें थोडे उरले. संग्राहकांनीं आपल्या दप्तरांच्या याद्या करितांना अशा नांवांचीं दोन्ही रूपें शेजारीं शेजारीं नोंदवावीं. तसें न केल्यास कागद राहतील, पण ते कोणाचे हें कळणार नाहीं.