‘रासायनिक घटक’ या रकान्याविषयी

शालेय विज्ञान प्रदर्शनांत वनौषधींचा एक तक्ता बहुधा असतोच. वनस्पतीचे नाव, उपयुक्त भाग, आजार आणि शेवटी ‘रासायनिक घटक’. आमची तक्रार या शेवटच्या रकान्याबद्दल आहे. घटकाचे नाव लिहिले की उपाय शास्त्रीय ठरला, असा समज त्याने रुजतो.

वऱ्हाडातलेच उदाहरण घेऊ. अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीकडे आणि अकोला जिल्ह्यात अकोटच्या बाजूला बारी समाजाचे शेतकरी पानपिंपरी, म्हणजेच लेंडी पिंपळी, पिकवतात. सर्दी-खोकल्यावर तिचा काढा किंवा मधातले चाटण देतात. तक्त्यात तिच्यापुढे ‘पायपरीन’ असे लिहिलेले असते. मिरीचा तिखटपणाही याच पदार्थाचा. माहिती बरोबर आहे. पण त्यातले पोटात किती जाते?

एक लिटर थंड पाण्यात पायपरीन जेमतेम ४० मिलीग्रॅम विरघळते. म्हणजे १०० मिलीलिटरच्या कपात ४. उकळताना थोडे अधिक उतरेल, तरी बरेचसे चोथ्यातच राहील. चाटणात मात्र सगळी पूड पोटात जाते. पुडीत २ टक्के पायपरीन धरले, तर १ ग्रॅम पुडीतून २० मिलीग्रॅम मिळते. तक्त्यात ओळ एकच, औषधे मात्र दोन झाली. (आजीला हे आधीच ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा.)

आता हा २० मिलीग्रॅमचा आकडा पाहा. आपल्या शरीरातील काही विकरे औषधांचे विघटन करतात. पायपरीन त्यांना अडवते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांना ७ दिवस रोज २० मिलीग्रॅम पायपरीन दिले, तेव्हा थिओफायलिन या दम्यावरील औषधाचे रक्तातील प्रमाण वाढले. हे औषध प्रमाणाबाहेर गेले तर छातीत धडधड होते, झटकेही येऊ शकतात. घरात दम्याचे आजोबा असतील, तर चाटणाआधी डॉक्टरांना विचारायला हवे. तक्ता याविषयी गप्प आहे.

हळद-मिरीच्या दुधाची कीर्तीही अशाच एका आकड्यावर उभी आहे. १९९८ च्या प्रयोगात २० मिलीग्रॅम पायपरीनमुळे हळदीतील कर्क्युमिनची शरीरातील उपलब्धता वीसपट झाली. पण ती मुळात नगण्य होती. शिवाय कोणाची सर्दी बरी झाली का, हे त्यात तपासलेच नव्हते.

शेवटचा रकाना पुसू नये. त्याच्यापुढे ‘किती’, ‘कशातून’ आणि ‘सोबत कोणते औषध चालू’ असे आणखी तीन आखावेत. बहुतेक ओळींत ते रिकामे राहतील. तसेच ठेवून तक्ता भिंतीवर लावावा.