वेक लॉस: मोजलेला की मानलेला?

पवनचक्की वाऱ्यातली ऊर्जा काढून घेते, त्यामुळे तिच्या मागे जाणारा वारा मंदावलेला आणि घुसळलेला असतो. या पट्ट्याला 'वेक' म्हणतात. मागची चक्की त्यात सापडली की तिची वीज घटते. ही घट म्हणजे वेक लॉस. प्रकल्प-अहवालांत तो टक्क्यांत दिलेला असतो, बऱ्याचदा दशांशासकट. माझा आक्षेप त्या दशांशावर आहे.

1983 साली डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेत एन. ओ. येन्सेन यांनी एक छोटं टिपण लिहिलं. कल्पना साधी आहे: वेक शंकूसारखा रुंदावत जातो आणि रुंदावेल तसा वेग सावरत जातो. किती झपाट्यानं रुंदावतो, ते एक गुणांक ठरवतो. जमिनीवर तो 0.075 आणि समुद्रावर 0.05 किंवा त्याहून कमी धरायची प्रथा आहे.

आता हिशोब करून बघू. दोन चक्क्या, एकीमागे एक, अंतर पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या पाचपट, थ्रस्ट गुणांक 0.8. गुणांक 0.075 धरला तर मागच्या चक्कीपाशी वेग 18 टक्क्यांनी घटतो. वीज वेगाच्या घनावर अवलंबून, म्हणून ती सुमारे 45 टक्क्यांनी घटते. 0.05 धरला तर 57 टक्क्यांनी! यंत्रं तीच, वारा तोच. वारा रोज त्याच रेषेत वाहत नाही, म्हणून वर्षाची सरासरी बरीच कमी येते. पण गुणांकाची ही अनिश्चितता त्या सरासरीतही उतरते, आणि अहवालात ती दिसत नाही.

मग मॉडेल सोडा, सरळ मोजा, असं कुणी म्हणेल. खरी गोम इथेच आहे. आमच्या भातसानगरला धरणाच्या पायथ्याशी 15 मेगावॉटचं वीजघर आहे. पाणी किती सोडलं आणि किती उंचीवरून आलं, दोन्ही मोजता येतं. पुढची चक्की नसती तर मागचीला किती वारा मिळाला असता, हे मात्र कुठलंच मीटर सांगत नाही. वेक लॉस ही एका मोजलेल्या आणि एका कल्पिलेल्या आकड्यातली वजाबाकी आहे.

तो कल्पिलेला आकडा बहुतेक वेळा पहिल्या रांगेवरून घेतात. समुद्रावर हे बऱ्यापैकी चालतं. तिथेही मोठा प्रकल्प स्वतःच्या पुढचा वारा थोडा अडवतो, म्हणजे पहिली रांगही पूर्ण वारा बघत नाही आणि तोटा कमी भासतो. ऑर्स्टेड या डॅनिश कंपनीनं 2019 मध्ये जाहीर केलं, की वेक आणि हा अडथळा, दोन्हींचा त्यांचा अंदाज कमी पडला होता.

हीच रीत सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर लावली तर? पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. कड्यालगतच्या चक्क्यांना चढावर वेग घेतलेला वारा मिळू शकतो, मागच्यांना नाही. हा फरक जमिनीच्या चढउताराचा, पण खात्यावर पडतो वेकच्या. शिवाय भर पावसाळ्यात वारा इतका जोरात असला, की पुढची-मागची दोन्ही यंत्रं पूर्ण क्षमतेनं चालतात, तेव्हा वेक लॉस जवळजवळ शून्य. हिवाळ्याच्या शांत रात्री हवा ढवळली जात नाही आणि वेक लांबवर टिकतो. या सगळ्याचा वर्षाला एकच टक्का काढला, तर हातात काय उरतं?

हा नुसता कागदी वाद नाही. आपल्याकडे एकाच पठारावर शेजारशेजारच्या चक्क्यांचे मालक वेगवेगळे असतात, त्यामुळे एकाचा वेक म्हणजे दुसऱ्याचा तोटा. जुनी छोटी यंत्रं काढून मोठी बसवायची, तर पाच व्यास-सात व्यास अंतराचा जुना नियम किती सैल करायचा, हेही याच आकड्यावर ठरणार.

त्यातल्या त्यात खरी चाचणी म्हणजे पुढची चक्की ठरावीक वेळ बंद, ठरावीक वेळ चालू ठेवायची आणि तशाच वाऱ्यात मागचीची वीज ताडून बघायची. यात वीज बुडते, म्हणून मालक नाखूश असतात. ते समजण्यासारखं आहे. पण मग अहवालात निदान तीन गोष्टी हव्यात: तुलना कशाशी केली, ग्रिडच्या आदेशानं यंत्रं बंद होती तेव्हाचा डेटा गाळला का, आणि आकड्याची अनिश्चितता किती. 'आठ टक्के, तीन कमी-जास्त' असं लिहिलेलं मला 8.37 पेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं.