गुंगेरियाचा ताम्रनिधी आणि संग्रहालयाचे कर्तव्य

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ साली स्थापन झाले. लोक त्यास ‘अजबबंगला’ म्हणतात. या नावात कौतुक आहे, तशीच नकळत केलेली टीकाही आहे. कारण वस्तू अजब वाटणे म्हणजे ती समजणे नव्हे.

गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात, गुंगेरिया येथे १८७० मध्ये तांब्याच्या ४२४ वस्तू व रुप्याचे १०२ पत्रे एकत्र सापडले. त्यांपैकी काही नागपुरास आले, काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. सुटी कुऱ्हाड आपला धातू व घडण सांगू शकते. परंतु इतका संचय एके ठिकाणी कशासाठी केला, तांब्याशेजारी रुपे का ठेवले, हे प्रश्न संपूर्ण निधी दृष्टीसमोर असल्यावाचून उपस्थितच होत नाहीत. निधी विखुरला, तेव्हा पुराव्यांचा हा परस्परसंबंधही तुटला.

म्हणून अशा वस्तूशेजारी अन्यत्र गेलेल्या वस्तूंची छायाचित्रे, याद्या आणि स्थळाचा नकाशा मांडणे हे संग्रहालयाचे कर्तव्यच होय. गोंदिया व बालाघाट हे प्रदेश १९५६ पर्यंत एकाच राज्यात होते. आजची सीमा त्या प्राचीन संचयास ठाऊक नव्हती, एवढे तरी गोंदियाच्या विद्यार्थ्यास तेथे दिसले पाहिजे.