तयार साच्याची प्रत घेतल्यावर पुढे काय?

गिटहबवर नव्या रिपॉझिटरीत ‘ॲक्शन्स’ उघडलंत की तयार साचे दिसतात: कोड पुश झाला की टेस्ट चालवा, बिल्ड करा वगैरे. संस्थेला स्वतःचे साचेही ठेवता येतात. त्यासाठी एक यामल फाइल आणि साच्याचं नाव-वर्णन सांगणारी एक जेसन फाइल पुरते. सुरुवात झटपट होते, यात वादच नाही. माझा आक्षेप त्यानंतरच्या देखभालीबद्दल आहे.

साचा निवडलात की तुमच्याकडे येते ती त्याची प्रत. मूळ साच्यातली चूक पुढे कुणी दुरुस्त केली, तरी तुमची प्रत जुनीच राहते. मार्च २०२५ मध्ये हल्लेखोरांनी ‘टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’ या ॲक्शनचे टॅग घातक कोडकडे वळवले. टॅगवर विसंबलेल्या कित्येक प्रकल्पांची गुपितं बिल्डच्या लॉगमध्ये छापली गेली. आधीच्या कमिटचा पूर्ण हॅश लिहून ठेवलेले वाचले. आता तुमच्या संस्थेच्या साच्यात असा टॅग असेल, तर साचा सुधारून भागेल का? शंभर प्रती शंभर ठिकाणी सुधाराव्या लागतील.

म्हणून साच्यात फार काही भरूच नका. २०२१ पासून ‘रीयुजेबल वर्कफ्लो’ची सोय आहे, साच्यातून संस्थेच्या अशा एका वर्कफ्लोला फक्त कॉल करा. तिथली चूक सगळ्यांना एकदम भोवेल, हे खरंय. पण दुरुस्तीही एकाच जागी करावी लागेल.