भिंतीतला खिळा

१९७३ साली पेरूमधल्या एका साक्षरता मोहिमेत लोकांच्या हाती कॅमेरे दिले आणि सांगितलं, प्रश्नाचं उत्तर फोटोत द्या. प्रश्न होता, शोषण म्हणजे काय? लिमातल्या एका मुलानं भिंतीतल्या खिळ्याचा फोटो आणला. मोठी माणसं बुचकळ्यात पडली. बाकीच्या पोरांना चटकन कळलं. ही पोरं शहरात जाऊन बूटपॉलिश करायची. जड पेटी रोज वस्तीपर्यंत वाहून नेणं झेपेना, म्हणून ती दुकानाच्या भिंतीवर टांगायची आणि खिळ्याचं भाडं दुकानदाराला द्यायचं. ऑगुस्तो बोआल या नाटककारानं ही हकिकत लिहून ठेवली आहे.

फोटोत दिसतो फक्त खिळा. पोरं बोलली तेव्हा त्यात शहर दिसलं.

पुढे १९९० च्या दशकात कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतात खेड्यातल्या बायकांबरोबर काम करून ‘फोटोव्हॉइस’ ही रीतसर पद्धत बसवली. फोटो काढून झाले की सगळ्यांनी एकत्र बसायचं: इथं काय दिसतंय, खरं काय चाललंय, असं का? आज शहरांवरच्या फोटो-प्रकल्पांत नेमकी ही बैठकच गळते आहे. फोटो संयोजक निवडतो, सुबक चौकटीत लावतो. बुरखा, पगडी आणि नऊवारी एका फोटोत आली की शहराची विविधता दाखवून झाली! मला हे साफ अपुरं वाटतं.

सार्वजनिक जागेतली विविधता वेळेत आणि वापरात असते. शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर उंचावरून कॅमेरे रोखले. कोण कुठं बसतं, किती वेळ बसतं, हे बारकाईनं टिपलं. ते काम मोलाचंच. पण जो तिथं येतच नाही, तो त्या कॅमेऱ्याला कसा दिसणार? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या ‘व्हाय लॉइटर?’ या २०११ च्या पुस्तकानं मुंबईबद्दल हेच दाखवलं: बाई रस्त्यावर दिसते ती कामाला निघालेली, उगाच रेंगाळायची मुभा तिला नाही. शिवाजी पार्कचा कट्टा उंचावरून टिपला तर भरलेला दिसेल. पण एखाद्या मुलीनं त्याच कट्ट्याच्या मोकळ्या तुकड्याचा फोटो काढून ‘सात वाजल्यानंतर मी इथं एकटी बसत नाही’ असं सांगितलं, तर तो लिमातल्या खिळ्याच्या जातीचा फोटो.

आता मोबाइल बहुतेकांच्या हाती आहे, कॅमेरे वाटण्याचं अप्रूप उरलेलं नाही. निवडीचा हक्क मात्र अजून वाटला गेलेला नाही, आणि तिथंच जोखीमही आहे. फुटपाथवरच्या भाजीवालीनं आपल्या टोपलीच्या जागेचा फोटो काढला, तर तो प्रदर्शनात लावायचा की मोबाइलमध्येच ठेवायचा, हे तिनंच ठरवायला हवं. पालिकेची गाडी आली तर टोपली तिची उचलली जाणार आहे.