कुमारिकेची प्रार्थना

राळेगावात घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की आम्ही बादली घेऊन धावतो. तैवानात कचऱ्याच्या गाड्या जी धून वाजवतात ती मूळची पियानोवरची : वॉर्साच्या तेक्ला बोंदाझेफ्स्काबाईंची, १८५६ साली छापलेली ‘अ मेडन्स प्रेयर’. पंडितांनी तिला नाकं मुरडली. खोली बेताचीच, हे खरं. एकच ओळ दागिने बदलून पुन्हा पुन्हा येते. पण शिकाऊ बोटांना जमावं आणि पाहुण्यांपुढे झोकात वाजावं, हे साधणं सोपं नव्हे. शिवाय प्रार्थनेत नवं काय म्हणायचं? आपली आरती तरी रोज तीच! बाई १८६१ साली गेल्या. नाकं मुरडणाऱ्यांची नावं कुणाला आठवतात? बाईंची धून ऐकून मात्र अख्खी गल्ली अजून दारात येते.