'बायसिकल थीव्हज' : ऐकीव कीर्ती आणि प्रथमदर्शन

अभिजात चित्रपटाविषयी वाचलेले आणि प्रत्यक्ष पाहिलेले यांत किती अंतर असू शकते, याचा प्रत्यय व्हित्तोरिओ दे सिका यांच्या 'बायसिकल थीव्हज' (१९४८) या इटालियन चित्रपटाने प्रस्तुत लेखकास उशिरा दिला. १९५० मध्ये ऑस्करचा विशेष पुरस्कार मिळविणारा आणि १९५२ मध्ये 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात पहिला आलेला हा चित्रपट. नववास्तववाद शिकविताना त्याचे उदाहरण वर्गात अनेक वर्षे दिले. चित्रपट मात्र पाहिलेला नव्हता. ही कबुली सुखावह नाही, परंतु पुढील विवेचनासाठी ती आवश्यक आहे.

वर्गातील मांडणी ठरलेली असे : युद्धोत्तर रोम, बेकारी, स्टुडिओऐवजी खरे रस्ते, व्यावसायिक नटांऐवजी लाम्बेर्तो माज्जोरानी हा कारखान्यातील कामगार. नायक अंतोनिओला भित्तिपत्रके चिकटविण्याची नोकरी मिळते, तीसाठी लागणारी सायकल पहिल्याच दिवशी चोरीस जाते आणि मुलाला बरोबर घेऊन तो ती शोधत हिंडतो. थोडक्यात, दारिद्र्याचा चित्रपट. ही मांडणी चुकीची नाही. गहाण पडलेली सायकल सोडविण्यासाठी मारिया घरातील चादरी गहाण टाकते. नोकर तो गठ्ठा घेऊन छतापर्यंत गेलेल्या मांडणीवर चढत जातो आणि तेथे तशाच असंख्य घरांच्या चादरी रचलेल्या दिसतात. एक शब्द न उच्चारता येथे संपूर्ण शहराची अवस्था कळते.

परंतु मनात राहिला तो ब्रूनो. सायकल पुसताना गहाणखान्यात पेडलला पडलेला पोचा त्याच्याच लक्षात येतो. तो स्वतः पेट्रोलपंपावर काम करतो. शोधाच्या वैतागात बाप त्याला चापट मारतो. थोड्याच वेळाने नदीत मुलगा बुडाल्याचा ओरडा ऐकून तोच बाप कासावीस होऊन धावतो. त्यानंतरच्या उपाहारगृहातील प्रसंगात बाप हिशेब मांडू लागतो : नोकरी टिकली असती तर महिन्याला किती मिळाले असते. समोर आठ-नऊ वर्षांचा मुलगा, हातात चीज भरलेला पाव, आणि शेजारच्या टेबलावरचा श्रीमंत मुलगा. येथे विषय दारिद्र्याचा उरत नाही. मुलाच्या नजरेत बापाची किंमत किती, हा होतो. आंद्रे बाझँ यांनी मुलामुळे कथेला नैतिक परिमाण लाभते असे म्हटले होते. ते विधान मी उद्धृत करीत असे. त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन' (१९५३) या चित्रपटाशी याची तुलना नेहमी केली जाते, मीही ती केली आहे. पण एक भेद निसटत असे. तेथे मुलगा चोरीकडे वळतो आणि बाप संतापतो. येथे बाप चोरी करतो आणि मुलगा ते पाहतो. ब्रूनोला ट्रामने पुढे पाठविलेले असते, पण त्याची ट्राम चुकते. म्हणून बापामागे धावणारा जमाव त्याला पाहावा लागतो. खाली पडलेली बापाची टोपी उचलून तो तिची धूळ झटकतो. सायकलचा मालक मुलाकडे पाहून तक्रार सोडून देतो. ही क्षमा शिक्षेहून अधिक जड आहे.

सर्वच पटले असे नाही. अलेस्सांद्रो चिकोन्यिनी यांचे संगीत अनेकदा प्रेक्षकाला रडण्याची आगाऊ सूचना देते. जेथे माज्जोरानींचा चेहरा पुरेसा आहे, तेथे व्हायोलिनची गरज नव्हती.

मूळ इटालियन शीर्षक अनेकवचनी आहे; अमेरिकेत ते दीर्घकाळ एकवचनी करून चालविले गेले. मराठीत 'सायकलचोर' म्हटले की वचन कळतच नाही. माझ्या टिपणांत त्याचा अर्थ एकच चोर, सायकल घेऊन पळालेला तो तरुण, असा लिहिलेला आहे. तेथे आता दुसऱ्या चोराचे नाव लिहावे लागेल : अंतोनिओ रिच्ची.